कंडक्टर जिना उतरत नाही

बैहर-बालाघाट रस्त्यावर महेंद्र मेश्रामला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण होतं. मिसरूड फुटल्यापासून त्यानं त्या एकाच रस्त्यावर जीप चालवली. सकाळी बैहरच्या चौकात सवाऱ्या भरायच्या, वाटेत उकव्याला चहा, मग घाट उतरून बालाघाटचा स्टँड. दुपारी तोच रस्ता उलटा. नवरदेव, बाळंतिणी, कोर्टाच्या तारखेला निघालेले आणि वाटेत एकमेकांशी न बोलणारे भाऊ, टोपलीतल्या कोंबड्या, सगळं त्यानं वाहून नेलं. घाटातल्या वळणांना त्यानं स्वतःची नावं ठेवली होती. एक सासूचं वळण, एक उलटीचं, एक नुसतंच ‘देवा रे’.

कुत्रा त्याला त्याच रस्त्यावर सापडला. थंडीच्या दिवसांत, उकव्याच्या अलीकडे, पुलाच्या कठड्याला चिकटून बसलेलं मातकट रंगाचं पिल्लू. महेंद्रनं ते उचलून गाडीतल्या पान्यांच्या पेटीत ठेवलं, की बैहरला गेल्यावर कोणाला तरी देऊ. दिलं नाही. पिल्लू मोठं झालं आणि जीपच्या मागच्या पायदानावर उभं राहायला शिकलं. सवाऱ्या बसल्या, दार लागलं, की ते एकदाच भुंकायचं आणि पुढं येऊन महेंद्रच्या बाजूच्या सीटवर चढायचं. लोकांनीच त्याचं नाव कंडक्टर ठेवलं.

महेंद्रला शुगर होती. डॉक्टरनं सांगितलं होतं, पायाला जपा. पण ड्रायव्हर माणूस पायाला काय जपणार? एकदा सायलेन्सरचा चटका बसला, त्याला वाटलं हळद लावली की भरेल. भरलं नाही. काळं पडत गेलं. शेवटी गोंदियाला नेलं, तेव्हा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. कुबड्या घेऊन तो घरी आला त्याच आठवड्यात जीप घनश्यामनं घेतली. घनश्याम त्याचाच जोडीदार, त्याच रस्त्यावरचा ड्रायव्हर. महेंद्रनं चावी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "तिसरा गेअर जरा अडते. जोर नको लावू, लाडानं टाक." आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपला.

पहिले काही दिवस कंडक्टर जीपमागं चौकापर्यंत धावत गेला. मग धावणं सोडून महेंद्रच्या खाटेखाली बसू लागला.

बैहरचं घर भाड्याचं, पण अंगणाचं होतं. पेरूचं झाड होतं, कुंपणापलीकडं सागाची झाडं होती. महेंद्र कुबड्यांवर अंगणात यायचा, येणारेजाणारे थांबायचे, बोलायचे. पाय गेला होता, पण जग अजून दाराशी होतं. ते दिवस तसे निभावले असते. पण त्याची बायको सरिता मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण होती, आणि तिची बदली बालाघाटला झाली. आता घर तिच्याच पगारावर होतं. नाही म्हणायला जागा नव्हती.

घर शोधायला सरिता एकटीच गेली. बालाघाटात ती दारोदार फिरली. कोणी आधी आडनाव विचारलं, कोणी नंतर. आडनाव ऐकल्यावर बऱ्याच जणांना एकदम आठवायचं, की खोली भाच्यासाठी ठेवली आहे. काहींना कुत्रा चालत नव्हता. एका ठिकाणी तर तिनं कुत्र्याचं नावही काढलं नव्हतं, तरी घरमालक म्हणाला, "हमारे यहाँ जानवर नहीं चलता, बाई." सरिता पायऱ्या उतरता उतरता हसली, मग रस्त्यावर येऊन डोळे पुसले.

शेवटी पुष्पलताबाई बिसेन भेटल्या. नवरा नव्हता, मुलं बाहेरगावी. खाली त्या एकट्या राहायच्या आणि वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. त्यांनी आडनाव विचारलंच नाही. सरितानं कुत्रा आणि मांजर आहे हे आधीच सांगून टाकलं, तर विचारलं ते एवढंच, "मांजर हाय म्हनता, उंदीर धरते काय?"

"धरते."

"मंग आना."

खालच्या खोलीत त्यांची स्वतःची खाट. वर जायला घराच्या बाहेरून लोखंडी जिना. सरितानं तो जिना पाहिला होता. अरुंद, उभा, एकाच बाजूला कठडा, पायऱ्या लोखंडी जाळीच्या. पाय ठेवला की खालची जमीन दिसायची. पण इतके दिवस फिरून तिचे पाय दुखत होते आणि कामावर हजर व्हायची तारीख जवळ आली होती. होईल सवय, असं म्हणून तिनं हो म्हटलं.

सामानाचा टेम्पो उन्हाच्या वेळी पोचला. मांजरीचं नाव टिकली, कपाळावर काळा ठिपका होता म्हणून. ती झाकलेल्या टोपलीत वाटभर ओरडत आली. कंडक्टर मात्र पुढं ड्रायव्हरजवळ बसून, तोंड खिडकीबाहेर काढून, ऐटीत आला. दोन हमालांनी महेंद्रला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. खुर्ची तिरपी झाली तसं त्याला जाळीतून जमीन दिसली. आयुष्यभर दरीच्या काठानं गाडी चालवलेल्या माणसानं डोळे गच्च मिटले. धनी वर चालला हे पाहून कंडक्टरही मागून निघाला. पोट पायऱ्यांना घासत, नखं जाळीत अडकत, कण्हत कण्हत तो वर पोचला आणि गच्चीवर येताच पाय फाकवून आडवा पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरितानं त्याला खाली न्यायला हाक मारली. तो जिन्याच्या तोंडापर्यंत आला, खाली पाहिलं, आणि चारी पाय रोवून उभा राहिला. पोळी दाखवली. हाडूक दाखवलं. दोरी लावून ओढलं तर मान इतकी मागं खेचली, की पट्टाच डोक्यातून निघून आला. चालत्या जीपच्या पायदानावर उभा राहणारा कुत्रा एका जिन्यापुढं थरथर कापत होता.

"आता काय करू मी याचं?" सरिता म्हणाली.

"राहू दे. एकदोन दिवसांत उतरन आपोआप," महेंद्र आतून म्हणाला.

कंडक्टर उतरला नाही. टिकलीनं मात्र कौलांवरून, भिंतींवरून चार घरांची वाट काढली आणि पुष्पलताबाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायला लागली. कंडक्टरला रोज सकाळी सरिता उचलून खाली न्यायची. दांडगा कुत्रा, अंगानं लाकडासारखा ताठ झालेला. एका हातात तो, दुसऱ्या हातानं कठडा. एकदा भीतीनं तो तिच्या साडीवरच मुतला. तिला वर येऊन साडी बदलावी लागली, कामावर उशीर झाला, बोलणी खावी लागली. मग तिची कंबर धरली. मग एक दिवसाआड न्यायला लागली. मधल्या दिवशी कंडक्टर गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन यायचा आणि गुन्हा केल्यासारखा खाटेखाली शिरायचा. सरिता बादल्या ओतून गच्ची धुवायची.

पुष्पलताबाई एकदा खालूनच म्हणाल्या, "बाई, मी काही म्हनत नाई. पन वड्या वाळू घातल्या का वास येते."

"हौ काकू. समजते मले," सरिता म्हणाली.

आणि महेंद्र? तो वरच होता. दोन खोल्या, एक गच्ची. स्लॅब दुपारी असा तापायचा, की भिंतीला पाठ लावता येत नसे. गच्चीवरून दिसायचं ते समोरच्या घराची मागची भिंत, तिच्यावरचा मोरीचा ओघळ, आणि गल्लीचा हातभर तुकडा. त्या तुकड्यातून माणूस जायचा तो दोन पावलांत संपायचा. हाक मारेपर्यंत नाहीसा. बैहरला जो माणूस दिवसाला शंभर जणांशी बोलायचा, त्याच्याशी आता दिवसभर कोणी बोलत नव्हतं. सरिता अंधार पडता पडता यायची ती थकून. तिच्यावर तो उगाच चिडायचा. भाजीत मीठ जास्त आहे म्हणून, दार जोरात लावलं म्हणून, काही नसलं तर काही नाही म्हणून.

"खाली जाऊन बसत जा न कधी. मी धरते तुमाले," ती एकदा म्हणाली.

"मी गेलो तं हा एकटा राहते वर. रडते तो. तो उतरत नाई तोवर मी कसा उतरू?"

हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. खरं काय ते महेंद्रनं कोणाला सांगितलं नव्हतं. आल्यानंतर थोड्याच दिवसांत, सरिता कामावर गेलेली असताना, तो कुबड्या घेऊन जिन्याच्या तोंडाशी गेला होता. पहिल्या पायरीवर कुबडी टेकली. कुबडीचं टोक जाळीच्या भोकात अडकलं. ओढलं तर सगळं अंग पुढं गेलं. कठडा हातात आला म्हणून वाचला. मग कितीतरी वेळ तो उन्हात तापलेल्या गच्चीवर बसून राहिला. शेजारी कंडक्टर बसला होता. दोघंही त्या जिन्याकडं पाहत होते. त्या दिवसापासून कुत्र्याचं नाव त्याच्या फार उपयोगी पडायला लागलं.

वैशाखात घनश्याम भेटायला आला. जिना धडाधडा चढून आला, पाणी प्यायला, इकडंतिकडं पाहिलं. कंडक्टरनं त्याला हुंगलं तशी त्याची शेपटी हलायला लागली. कपड्यांना जीपचा वास होता.

"हे काय करून टाकलं रे याचं?" घनश्याम म्हणाला. "हाडं निघाली. अन् तुयंबी काय तोंड झालं!"

सरितानं सगळं सांगितलं. कंबर, साडी, गच्ची, वड्या. सांगता सांगता तिला रडू आलं, तेव्हा ती चहा ठेवायला आत गेली.

घनश्यामनं कुत्र्याच्या फासळ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "एक बोलू भाऊ? राग नोको मानू. याले मी घेऊन जातो. त्याचीच गाडी आहे, त्याचाच रस्ता. माया घरी अंगन आहे. इथं तो मरून जाईन."

महेंद्रनं कंडक्टरच्या कानामागं खाजवलं. "हौ," तो म्हणाला. "घेऊन जा."

इतक्या चटकन म्हणाला, की घनश्यामच गोंधळला. "विचार कर. उद्या नेतो म्हनलं तं—"

"आजच ने."

घनश्यामनं कंडक्टरला पोत्यात गुंडाळून खांद्यावर घेतलं. कुत्रा ओरडला नाही. त्याची मान घनश्यामच्या पाठीवर होती आणि डोळे महेंद्रवर. महेंद्र जिन्याच्या तोंडापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. बायको खालपर्यंत सोडायला गेली, पुष्पलताबाई दारात आल्या, कोणीतरी कुत्र्याला पाणी पाजलं, हे सगळं त्याला वरून नुसतं ऐकू आलं. जीप गल्लीत येत नव्हती, मोठ्या रस्त्यावर उभी होती. गल्लीच्या त्या हातभर तुकड्यातून पोतं दोन पावलांत निघून गेलं. मग हॉर्न वाजला. त्याच्या गाडीचा हॉर्न त्याला हजारात ओळखू आला असता. मग तिसरा गेअर अडला तेही ऐकू आलं.

महेंद्रला वाटलं होतं, आता तरी हलकं वाटेल. उलट झालं. खाटेखालची जागा मोकळी झाली आणि खोली अजून लहान झाली. रात्री हात खाली सोडायची सवय होती, तो हात नुसताच लोंबकळायचा. टिकली कधीमधी येऊन पायथ्याशी बसायची, पण मांजर ते मांजर, तिचं सगळं लक्ष खालच्या दुधाकडं. तो आठवडाभर गच्चीवरसुद्धा गेला नाही. दाढी वाढली. सरितानं पाणी तापवून दिलं तर म्हणाला, "कोनाले दाखवाची आहे?"

एका संध्याकाळी ती पीठ मळत होती. मळता मळताच म्हणाली, "वसतिगृहाजवळच्या विहारात रविवारी लोक जमतात. तुमाले विचारून राह्यले होते. खुर्चीवर उचलून नेतो म्हनतात."

"मी काय गनपती आहो काय उचलून न्यायले?"

"मंग नोका जाऊ. पन आता कोनाचं नाव सांगसान? कुत्रा तं गेला."

महेंद्रनं तिच्याकडं पाहिलं. तिची मान खाली होती, हात परातीत. आवाजात राग नव्हता. तिला पहिल्यापासून कळलेलं होतं, एवढंच. कळूनही ती इतके दिवस कुत्र्याला उचलून जिना उतरत राहिली होती. त्या रात्री तो जेवला आणि भाजीला काही म्हणाला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी घनश्यामचा फोन आला. मागं स्टँडचा गलका ऐकू येत होता.

"अरे, तुया कंडक्टरनं त्रास देला ना बाप्पा मले. घाटात ठीक राहते, उकव्याले ठीक राहते. बालाघाट आलं का उतरते अन् सगळ्या स्टँडभर हुंगत फिरते. एकएक बाकडं पाहते. चहावाल्याच्या आत जाऊन पाहते. सवाऱ्या भरल्या तरी येत नाई. रोजचं झालं. आज तं एक लंगडा मानूस दिसला, त्याच्या मागंमागं फाटकापर्यंत गेला."

महेंद्रनं कुबड्या जवळ ओढल्या.

"ऐकून राह्यला न तू?"

"किती वेळ आहे गाडीले?"

"आहे अजून. काहून?"

"थांब थोडा," महेंद्र म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

सरिता कामावर होती. तो जिन्याशी गेला. या खेपेला त्यानं कुबडी टेकलीच नाही. दोन्ही कुबड्या कठड्यावरून खाली टाकून दिल्या. त्या खणखणत अंगणात पडल्या. आता वर राहून उपयोग नव्हता. तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी पायरीची कड धरून, चांगला पाय पुढं ठेवून, बूड एका पायरीवरून दुसरीवर सरकवलं. लोखंड तापलेलं होतं. जाळी मांडीत रुतत होती. खाली पाहिलं तर जमीन दिसत होती, म्हणून तो आपल्या अंगठ्याकडं पाहत राहिला. मूल उतरतं तसा पन्नाशी ओलांडलेला माणूस भर दिवसा जिना उतरत होता. समोरच्या घराच्या खिडकीत कोणीतरी आलं. महेंद्रची कानशिलं तापली. त्याला वाटलं, परत फिरावं. पण बसून वर जाणं उतरण्याहून अवघड असतं, हे त्याला अर्ध्या वाटेवर कळलं. अडकला तो तिथं. ना वरचा ना खालचा. थोडा वेळ तो तसाच बसून राहिला, हाताला घाम, डोळ्यांत घाम.

कुबड्यांच्या आवाजानं पुष्पलताबाई बाहेर आल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं. धावून आल्या नाहीत, अगंबाई म्हणाल्या नाहीत. कुबड्या उचलून भिंतीला टेकवल्या आणि म्हणाल्या, "त्याच्या खालची पायरी हालते, भाऊ. तिच्यावर जोर नका देऊ." आणि पाठ करून वड्या उलटायला लागल्या.

महेंद्रनं त्या पायरीवर जोर दिला नाही.

कोपऱ्यावरून ई-रिक्षा मिळाली. स्टँडवर उतरला तेव्हा घनश्याम सवाऱ्यांची समजूत काढत होता. कंडक्टर एका बाकड्याखाली तोंड घालून बसला होता. महेंद्रनं हाक मारली नाही, नुसती कुबडी टेकली. कुत्र्यानं मान वळवली. मग जे झालं त्यात महेंद्र बाकड्यावर जवळजवळ आडवाच झाला, आणि चहावाल्याचे दोन ग्लास फुटले.

"आलास काय रे!" घनश्याम म्हणाला. "कसा उतरला?"

"उतरलो. सांगीन नंतर."

चहा झाला. ओळखीचे दोघेतिघे भेटले, पायाचं विचारलं, रस्त्याचं सांगितलं. घाटात एक वळण रुंद केलं होतं म्हणे. महेंद्रनं कोणतं ते विचारून घेतलं. कंडक्टर त्याच्या एका पायावर हनुवटी टेकून पडला होता. मग सवाऱ्या कुरकुरायला लागल्या, आणि घनश्यामनं जीप सुरू केली. कुत्रा उठला. गाडीकडं पाहिलं, महेंद्रकडं पाहिलं, परत गाडीकडं.

महेंद्रला त्या क्षणी फार वाटलं, की यानं थांबावं. पण थांबला तर पुन्हा तोच जिना, तीच गच्ची. त्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "जा. लोक वाट पाहून राह्यले. मी येतो उद्या. उद्या नाई जमलं तं परवा."

कंडक्टर गेला. पुढच्या सीटवर चढला आणि खिडकीतून तोंड काढून मागं पाहत राहिला, जीप फाटकाबाहेर वळेपर्यंत.

घरी परत आल्यावर जिना चढायला महेंद्रला उतरण्याच्या दुप्पट वेळ लागला. पाठ वरच्या बाजूला करून, हातांच्या जोरावर एकेक पायरी मागं मागं. तो वर पोचला तेव्हा कोपरं सोलली होती, खांदे भरून आले होते. आणि वर काही बदललेलं नव्हतं. समोर तीच भिंत, तोच मोरीचा ओघळ. घरही तेच राहणार होतं, पायही पुन्हा उगवणार नव्हता. पावसाळ्यात तो जिना ओला झाला की काय करायचं, हे त्याला माहीत नव्हतं. तो खाटेवर पडला आणि कितीतरी दिवसांनी त्याला दिवसाउजेडी गाढ झोप लागली.

सरिता आली तेव्हा तो घोरत होता. ती त्याला उठवायला वाकली आणि पाहिलं, पायजमा मागून पार फाटलेला. गंजाचे लाल डाग, जाळीचे चौकोनी छाप. कोपरांवर रक्त सुकलेलं. तिनं एकदा दारातून जिन्याकडं पाहिलं. त्याला उठवलं नाही, काही विचारलंही नाही.

जेवणं झाल्यावर तिनं जुन्या जीन्सचा एक तुकडा काढला, दुहेरी घडी घातली आणि पायजम्याच्या बुडाला जाड टाके घालून ठिगळ लावलं. महेंद्र खाटेवरून पाहत होता.

"दिसन ते," तो म्हणाला.

"दिसू द्या," ती म्हणाली आणि दोरा दातानं तोडून दुसरा पायजमा मांडीवर ओढला.